ज्वारीच्या घुगऱ्या, कापसाचा बोळा आणि पंधरा पौंड वाफ

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शेतकरी गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही भावाविषयी बोलणार नाही आणि वीजबिलाविषयीही नाही. आजचा विषय आहे एक भांडे. त्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. वाफेच्या दाबाखाली जंतू मारण्याचे भांडे, इतकाच त्याचा अर्थ. दवाखान्यात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते असते, आणि आता गावोगावच्या शेतकरी गटांत, उत्पादक कंपन्यांत, बचतगटांच्या खोल्यांतही ते दिसू लागले आहे. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभर १० हजार जैविक निविष्ठा केंद्रे उभी करण्याची घोषणा झाली. तेव्हा कुणाच्या खोलीत हे भांडे अनुदानातून येईल, तर कुणाच्या वर्गणीतून. पैसा कुठूनही आला तरी शेवटी तो शेतकऱ्याच्याच खिशातला, म्हणून त्याचा हिशेब आपणच मागितला पाहिजे.

या भांड्याचे नुकसान दोन तऱ्हांनी होते. एक म्हणजे माणूस भाजतो. ते त्याच दिवशी कळते, आरडाओरड होते, गाव धावते. दुसरे म्हणजे माल कच्चा राहतो, आणि हे नुकसान मुकाट असते. पिशवीत ट्रायकोडर्माच्या ऐवजी भलतीच बुरशी वाढते, ती वाळवून, दळून, पुडी बांधून बियाण्याला चोळली जाते, आणि दोन महिन्यांनी हरभरा मर रोगाने उभ्याने वाळतो. तोवर भांड्याची आठवण कुणाला राहिलेली नसते. लोक म्हणतात, ट्रायकोडर्मा हेच थोतांड आहे. खरा दोष त्या दिवशी अर्ध्या तासाची वाफ वीस मिनिटांत उरकली याचा असतो, पण तो कुणाच्या पदरात पडत नाही. म्हणून आज जरा तपशिलात जाऊ.

आधी गरज किती, ते मोजा

ट्रायकोडर्मा ही मातीतलीच एक बुरशी. ती दुसऱ्या बुरशीवर जगते. हरभऱ्याची मर, तुरीची मर, कपाशीची मूळकूज अशा मातीतून येणाऱ्या रोगांवर तिचा उपयोग होतो. ज्वारीचा खडखड्याही मातीतल्याच बुरशीने होतो. पण खडखड्याच्या बाबतीत आम्ही हातचे राखून सांगतो. ज्वारी फुलोऱ्यात आल्यावर जमिनीतली ओल संपली, की ताट आतून पोकळ होते आणि रोग बळावतो. ओल धरून ठेवणे, ताटांची दाटी न करणे आणि वेळेवर पेरणे हा त्यावरचा पहिला उपाय; ट्रायकोडर्मा दुसरा. आणि कपाशीच्या बोंडअळीशी तर तिचा काडीचा संबंध नाही. कुणी तसे सांगून पुडी विकत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता हिशेब. रब्बी ज्वारीचे बियाणे एकरी सुमारे ४ किलो लागते. किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा धरा, म्हणजे एकराला २० ग्रॅम. गावात २०० एकर ज्वारी असेल तर सगळ्या गावाच्या बीजप्रक्रियेला ४ किलो पुरे. हरभरा-तुरीचे बियाणे जास्त लागते, त्याचे वेगळे धरा. जमिनीतून शेणखतात मिसळून द्यायचे तर एकरी किलोभर लागते, तोही हिशेब वेगळा. पण केवळ बीजप्रक्रियेसाठी गावाला कपाटाएवढे यंत्र लागत नाही. वीस-बावीस लिटरच्या उभ्या भांड्यात एका खेपेला चार-पाच किलो ओल्या ज्वारीच्या पिशव्या सहज बसतात. आठवड्यात तीन खेपा केल्या तरी पोळ्याच्या आधी गावाचे काम उरकते. मोठे यंत्र घेणारे गट आम्ही पाहिले आहेत. ते तापायला तास घेते, वीज खाते, आणि अर्धे रिकामे चालते. कोटेशन आणणाऱ्याला मोठे यंत्र खपवायचे असते, हे विसरू नका.

एक कायद्याची गोष्ट इथेच सांगून ठेवतो. ट्रायकोडर्मा विकायला काढायची असेल तर ती १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली येते. नोंदणी लागते, परवाना लागतो, आणि ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत कण असावेत असा दंडक आहे. पुडीवर नाव छापून बाजारात बसायच्या आधी याचा विचार करा.

उकळले म्हणजे मेले नाही

आपल्या घरात समजूत अशी की पाणी उकळले की सगळे जंतू मेले. पिण्याच्या पाण्यापुरते ते ठीक आहे. पण मातीतले काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती टणक कवच करून बसतात. ते कवच तासभर उकळत्या पाण्यात टिकते. पाणी निवले, भोवती शिजलेली ज्वारी दिसली, की ते पुन्हा उठतात. कणीस खळ्यात पडते, मळणीची धूळ बसते, पोत्यात उंदीर फिरतो. त्यामुळे ज्वारीच्या दाण्यावर अशी कवचे भरपूर असतात.

ती मारायला १२१ अंश सेल्सिअसची ओली उष्णता लागते. उघड्या भांड्यात पाणी इतके तापत नाही. समुद्रकाठी ते १०० अंशांना उकळते. आपला शिरूर-दौंडचा पट्टा समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे ते साडेपाचशे मीटर उंच, म्हणून इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकण बंद करून वाफ कोंडली की दाब वाढतो आणि त्याबरोबर तापमान चढते. पंधरा पौंडांच्या दाबाला, म्हणजे काट्यावर दर चौरस सेंटिमीटरला १ किलोच्या थोडे वर, १२१ अंश मिळतात. उंचीमुळे आपल्याकडे त्याच काट्यावर एखादा अंश कमी भरतो. पुस्तकातल्या वेळेत पाच मिनिटे वाढवली की तो फरक भरून निघतो.

फ्रान्सच्या दनी पापँ याने १६७९ च्या सुमारास हाडे शिजवण्यासाठी असे दाबाचे भांडे केले आणि ते फुटू नये म्हणून त्याला वजनाची झडप बसवली. बरोबर दोनशे वर्षांनी पाश्चरचा सहकारी शार्ल शांबरलँ याने त्याच कल्पनेतून जंतू मारण्याचे भांडे घडवले. म्हणजे स्वयंपाकघरातला कुकर आणि प्रयोगशाळेतला ऑटोक्लेव्ह एकाच घराण्यातले. दौंडच्या जुन्या माणसांना तर हे वेगळे सांगायला नको. वाफेची इंजिने होती तेव्हा लोको शेडमध्ये काम केलेली माणसे या गावात आहेत; काटा, झडप आणि पाण्याची पातळी यांच्याशी त्यांचा जन्माचा संबंध. कारखान्याच्या बॉयलरचे अग्निप्रदीपन तर आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. तिथे बॉयलरवर परवाना असलेला माणूस उभा असतो. आपल्या खोलीतल्या भांड्यावर कोण उभे राहणार, हे गटाने नाव घेऊन ठरवले पाहिजे. सगळ्यांचे काम म्हणजे कुणाचेच नाही.

काटा खोटे बोलतो

आज एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. काटा दाब दाखवतो, तापमान नव्हे. भांड्यात नुसती वाफ असेल तरच पंधरा पौंडांना १२१ अंश मिळतात. आत हवा राहिली तर दाबाचा काही भाग ती हवा देते, उष्णता मात्र देत नाही. अर्धी हवा आत राहिली तर काटा पंधरावर असूनही आत ११२ अंशच असतात. हवा मुळीच काढली नाही तर तापमान १०० च्या आसपास अडकते. काटा दिमाखात पंधरावर, सेफ्टी व्हॉल्व्ह सूं सूं करतोय, आणि आतली ज्वारी फक्त उकळते आहे!

म्हणून झाकणावरची वाफेची तोटी सुरुवातीला उघडीच ठेवायची. पाणी उकळू लागले की आधी हवामिश्रित वाफ फुसफुसत, थांबत-थांबत येते. मग सलग, जोराची धार लागते. ती धार लागल्यावर आणखी सात-आठ मिनिटे जाऊ द्यायची आणि मग तोटी बंद करायची. घाई इथेच होते. आठ मिनिटे वाचवणारा माणूस आठ दिवसांची मेहनत घालवतो.

पिशव्या ठासून भरल्या तरी हीच गत होते. पिशव्यांच्या मध्ये हवा कोंडते, वाफ पोचत नाही. टोपलीत पिशव्या उभ्या, सैल, एकमेकींना न दाबता ठेवाव्यात. पिशवी पाव ते अर्ध्या किलोची असावी. दोन किलोच्या पिशवीच्या गाभ्यात उष्णता पोचायलाच फार वेळ लागतो, आणि कच्चा गाभा बाहेरून दिसत नाही.

घुगऱ्या कशा असाव्यात

आता माल. ज्वारी निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालायची. फवारलेले किंवा औषध लावलेले बियाणे वापरायचे नाही. बुरशीनाशक लावलेल्या दाण्यावर बुरशी कशी वाढेल? सकाळी पंधरा-वीस मिनिटे उकळायची. मायबहिणींना हे आमच्यापेक्षा चांगले कळते. खायच्या घुगऱ्या मऊ लागतात. या घुगऱ्या अर्ध्या कच्च्या हव्यात. दाणा फुगावा, नखाने दबावा, पण फुटू नये. फुटला की पीठ बाहेर येते, गोळा होतो, आणि त्या चिकट गोळ्यात जिवाणू माजतात. पाणी निथळून पोत्यावर पसरायची आणि दाणे वरून कोरडे, फडफडीत होईपर्यंत सावलीत ठेवायची. मुठीत दाबून सोडली तर दाणे सुटे झाले पाहिजेत.

पिशवी पॉलीप्रॉपिलीनची, पीपीची लागते. किराणा दुकानातली साधी पॉलिथिनची पिशवी या उष्णतेत वितळते आणि सगळा लगदा टोपलीला चिकटतो. पिशवीच्या तोंडाला पीव्हीसी पाइपचा इंचभर तुकडा कड्यासारखा अडकवायचा आणि त्यात कापसाचा बोळा घट्ट बसवायचा. आपल्या दोन्ही पिकांची गाठ या पिशवीत पडते: आत ज्वारी आणि तोंडाला कापूस. जर्मनीत १८५४ साली श्रोडर आणि फॉन डुश यांनी दाखवून दिले की कापसातून गाळून आलेल्या हवेने शिजवलेला रस्सा नासत नाही. धाग्यांच्या जाळीत धूळ आणि जंतू अडकतात, हवा जाते. मात्र औषधाच्या दुकानातला पांढरा कापूस इथे चालत नाही. त्याचे तेल काढलेले असते, तो पाणी शोषतो, आणि ओला बोळा म्हणजे जंतूंना उघडा दरवाजा. आपल्या घरचा, सरकी काढलेला, न धुतलेला कापूस पाण्याला दाद देत नाही. तोच हवा. बोळ्यावर कागद बांधला की वरून टपकणारे पाणी लागत नाही. रस्सा किंवा पाणी बाटलीत तापवायचे असेल तर बाटली पाऊण भरायची आणि झाकण एक आटा सैल ठेवायचे. घट्ट बंद केलेली बाटली आत फुटते.

वेळ, पाणी आणि वीज

तोटी बंद केल्यावर काटा पंधरावर येतो, तेथून घड्याळ लावायचे. बटण दाबले तेव्हापासून नव्हे. पाव-अर्ध्या किलोच्या ज्वारीच्या पिशव्यांना ४५ मिनिटे द्या. पुस्तकात १५ किंवा २० मिनिटे लिहिलेली असतात ती परीक्षानळ्यांची आणि छोट्या बाटल्यांची आहेत. ओल्या धान्याच्या पिशवीला ती पुरत नाहीत.

आणि वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकापेक्षा मोठा आहे. तिसाव्या मिनिटाला वीज गेली, काटा खाली आला, वीस मिनिटांनी वीज आली, तर उरलेली पंधरा मिनिटे जोडून भागत नाही. काटा पुन्हा पंधरावर आला की घड्याळ शून्यापासून. वाईट वाटते, ज्वारी थोडी मऊ होते, पण दुसरा मार्ग नाही. म्हणून खेप लावायची ती वीज टिकण्याची वेळ बघून. हीटर दोन-तीन किलोवॉटचा असतो. मोटारीच्या आकड्यावर किंवा लोंबकळत्या वायरवर तो लावू नका. अर्थिंग खरे आहे की नुसती तार मातीत खुपसली आहे, हे वायरमनकडून तपासून घ्या. ओल्या फरशीवर, पाण्याच्या भांड्याला हात लावून उभा राहणारा माणूस तुमच्याच घरचा असणार आहे.

पाणी हीटर पूर्ण बुडेल एवढे आणि टोपलीच्या खाली राहील एवढे असावे. प्रत्येक खेपेआधी पाहायचे. कालचे पुरेल असे म्हणायचे नाही. पाणी आटले तर हीटर जळतो आणि भांडे कोरडे तापते. आपल्या बोअरचे पाणी जड, खारट. त्याचा पांढरा थर हीटरवर चढतो, आणि तोच थर झडपेतही जाऊन बसतो. हीटर जळाला तर पैसे जातात, पण झडप चिकटली तर जीव जाऊ शकतो. पावसाचे साठवलेले, नाही तर फिल्टर प्लांटवरचे पाणी वापरावे आणि आठवड्याला भांडे रिकामे करून पुसावे. झडपेची तार किंवा वजन ओढून ती मोकळी उचलते का, हे महिन्यातून एकदा बघावे, तेही भांडे थंड असताना. रबराची रिंग चिरली असेल तर त्या दिवशी काम बंद. कापडाची चिंधी बसवून भागवणे हा आपला जुना रोग आहे. इंजिनात, पंपात तो चालतो, इथे चालत नाही. वाफ फार जाते म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हवर वजन ठेवणे किंवा तो बांधून टाकणे म्हणजे तर खोलीत बॉम्ब ठेवणे.

झाकण उघडण्याची घाई

भाजण्याचे बहुतेक प्रकार शेवटी होतात. काम संपलेले असते, कंटाळा आलेला असतो. हीटर बंद करावा आणि काटा आपोआप शून्यावर येऊ द्यावा. तोटी उघडून वाफ एकदम सोडली तर बाहेरचा दाब पडतो, पण बाटल्यांतले पाणी अजून शंभराच्या वर असते. ते एकदम उकळून बोळे उडवते आणि पिशव्या फुगून फाटतात. काटा शून्यावर आला तरी त्याच्यावर पूर्ण विश्वास नको, कारण काटे अडकतात. तोटी हळू उघडून पाहावी. सुस्कारा आला नाही तरच नट सैल करावेत, तेही समोरासमोरचे, आळीपाळीने, थोडेथोडे. झाकण आपल्याकडे नव्हे तर पलीकडे कलते करावे, म्हणजे उरलेली वाफ तोंडावर न येता भिंतीकडे जाते. आत डोकावायचे नाही. पाच-दहा मिनिटे तसेच राहू द्यावे.

हातात जाड, कोरडे मोजे. ओले फडके धरू नका. ओल्या फडक्यातून उष्णता तत्काळ हाताला येते. नायलॉनची साडी किंवा ओढणी त्या खोलीत नको, सुती बरी, पदर खोचलेला. लहान पोरे बाहेर. स्पिरिट, पेट्रोल, ब्लीचिंग पावडर, कीटकनाशकाची बाटली यांतले काहीही या भांड्यात जायचे नाही. एक पेटते, दुसऱ्याची विषारी वाफ होते.

तरीही भाजलेच तर? बांगडी, अंगठी लगेच काढायची, सुजेनंतर ती निघत नाही. भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या, साध्या गार पाण्याखाली धरायचा. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही, तूप नाही. फोड फोडायचे नाहीत. स्वच्छ ओलसर कापड सैल टाकून दवाखाना गाठायचा. चेहरा, डोळे, हाताचा पंजा भाजला असेल तर थांबायचेच नाही. हे चार शब्द भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, कारण त्या घटकेला कुणाला काही आठवत नाही.

भांड्याबाहेर आल्यावर

पिशव्या निर्जंतुक झाल्या म्हणजे जिंकलो असे नाही. निर्जंतुक ज्वारी ही तापवलेल्या दुधासारखी. तिच्यात चांगले विरजण पडले तर दही, नाही तर जे आधी पडेल ते. विरजण, म्हणजे मूळ कल्चर, विद्यापीठाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून आणावे. पुडीतून पिशवी, पिशवीतून दुसरी पिशवी असे चार-पाच पिढ्या चालवू नये. दर पिढीला भेसळ वाढते आणि जोम कमी होतो.

या टप्प्यावर काय घडू शकते याची आपल्याच राज्यातली एक जुनी गोष्ट आहे. प्लेगच्या वेळी, १८९७ च्या जानेवारीत, डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि पहिली स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेत ती मोठ्या प्रमाणावर बनू लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. हाफकिन यांनी कार्बोलिक ॲसिड घालण्याची जुनी रीत सोडून उष्णतेवर भिस्त ठेवली होती, म्हणून ठपका त्यांच्यावर आला, त्यांचे पद गेले. पुढे असे पुढे आले की बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट न तापवता त्यानेच बूच काढले होते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या संस्थेला १९२५ पासून त्यांचेच नाव आहे. मुंबईतले काम चोख होते. जमिनीची माती लागलेल्या एका चिमट्याने एकोणीस माणसे नेली, आणि बोल लागला प्रयोगशाळेला.

आपण लस करत नाही, तरी रीत तीच. पिशव्या पूर्ण निवल्यावरच विरजण घालावे, गरम ज्वारीत ते मरते. खोली बंद, पंखा बंद, केर आदल्या रात्री काढलेला. हात साबणाने धुऊन स्पिरिटने पुसावेत आणि ते पूर्ण वाळल्यावरच दिव्याजवळ जावे. स्पिरिटचा हात ज्योतीत गेला तर काय होते ते सांगायला नको. ज्योतीच्या वीतभर अंतरात बोळा काढावा, चमचा लाल होईस्तोवर तापवून निववावा, चमचाभर कल्चर टाकून बोळा पुन्हा ज्योतीवरून फिरवून बसवावा. खाली पडलेला बोळा पुन्हा बसवायचा नाही. बोलायचे नाही, शिंकायचे नाही, तंबाखू तर नाहीच नाही.

पिशव्या २५ ते ३० अंशांत, सावलीत ठेवाव्यात. तिसऱ्या दिवशी दाणे हलवून मोकळे करावेत. आधी पांढरी लव येते, मग आठ-दहा दिवसांत दाणे गर्द हिरवे होतात. इथे सावध राहा. हिरवे दिसले म्हणजे ट्रायकोडर्मा असे नाही. पिवळसर-हिरवी, धुरळा उडवणारी ॲस्परजिलस बुरशीही ज्वारीवर तितक्याच आनंदाने वाढते, आणि तिच्यातल्या काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे, लिव्हर नासवणारे विष तयार करतात. काळी, पिवळी, नारिंगी, किंवा आंबूस वासाची, पाणी सुटलेली पिशवी उघडायचीसुद्धा नाही. ती तशीच पुन्हा ऑटोक्लेव्हमध्ये घालून मारायची आणि पुरायची. ज्वारी फुकट जाते म्हणून कोंबड्यांपुढे टाकणारे, गव्हाणीत टाकणारे लोक आहेत. कृपा करून करू नका. वाफेने बुरशी मरते, तिने केलेले विष मरत नाही. चांगला माल वाळवताना आणि दळतानाही नाकातोंडावर कापड बांधावे.

पुरावा काय?

बाजारात ऑटोक्लेव्हची चिकटपट्टी मिळते. तिच्यावर वाफेने काळे पट्टे उमटतात. ती जरूर लावा, पण त्यावरून एवढेच कळते की पिशवी तापली होती. गाभा शिजला का, ते तिला ठाऊक नसते. आमची सूचना स्वस्त आहे. प्रत्येक खेपेतल्या दोन पिशव्या, एक टोपलीच्या मधली आणि एक तळाची, विरजण न घालता तशाच ठेवा. तारीख लिहा. सात दिवस त्या जशाच्या तशा राहिल्या तर खेप पक्की. एकीत जरी काही उगवले किंवा आंबले, तर त्या खेपेतला माल कुणाच्याही बियाण्याला लागता कामा नये. मग तो अध्यक्षांच्या देखरेखीखाली झालेला असो.

यासाठी एक वही लागेल. तारीख, पाणी पाहिले का, धार केव्हा लागली, काटा पंधरावर केव्हा आला, कितीला बंद केला, वीज गेली का, राखीव पिशव्यांचे काय झाले, आणि सही. पुडीवर त्या खेपेचा आकडा असावा. पुढे कुणाच्या शिवारात तक्रार आली तर आपल्याला मागे जाऊन पाहता येईल. कंपनीच्या माणसाकडे आपण बॅच नंबर मागतो. आपल्या गटाकडेही तो मागितलाच पाहिजे.

बैठकीत आलेले काही प्रश्न

घरचा कुकर चालेल का, असे एका बहिणीने विचारले. चालेल. आपले कुकरही साधारण एक किलोच्याच दाबावर चालतात. दहा-बारा लिटरचा घ्या, तळाशी जाळी आणि भरपूर पाणी ठेवा. वजन न लावता आधी वाफेची सलग धार जाऊ द्या, मग वजन लावा. शिट्ट्या मोजायच्या नाहीत. पहिली शिट्टी झाली की आच इतकी मंद करायची की वजन हलके फुसफुसत राहील, आणि तिथून ४५ मिनिटे. आच मोठी ठेवली तर पाणी संपेल. त्या कुकरमध्ये पुन्हा घरची डाळ शिजवायची नाही, तो वेगळाच ठेवा.

चुलीवर उघड्या पिंपात वाफवून भागेल का? एका दिवसात नाही. आयर्लंडचे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७७ मध्ये तोड काढली: आज वाफवायचे, चोवीस तास ठेवायचे, उद्या पुन्हा, परवा पुन्हा. मधल्या काळात कवचातले जंतू उगवतात आणि उगवले की पुढच्या वाफेत मरतात. वीज नसलेल्या वाडीत तासभराची अशी तीन दिवसांची वाफ लावून पाहता येईल, पण नासण्याचे प्रमाण ऑटोक्लेव्हपेक्षा जास्त राहील हे धरून चला आणि राखीव पिशव्या दोनऐवजी चार ठेवा.

ट्रायकोडर्मा लावलेल्या बियाण्याला रासायनिक बुरशीनाशक चोळावे का? नाही, चोळलेली बुरशी त्याने मरते. आणि बीजप्रक्रिया केलेले बियाणे उन्हात ठेवू नका. सावलीत सुकवून त्याच दिवशी ओलीवर पेरा. कोरड्या मातीत ट्रायकोडर्मा काही करत नाही.

हुमणीसाठी मेटारायझियमही याच भांड्यात होईल का, हा प्रश्न दौंडच्या ऊसवाल्यांचा. भांडे तेच, पिशवी तीच, पण बुरशी वेगळी, वाढायला दिवस जास्त, आणि दोन्ही एकाच खोलीत एकाच आठवड्यात करू नका. ट्रायकोडर्मा वेगाने वाढते आणि दुसऱ्या बुरशीला खाते, मेटारायझियमच्या पिशवीत ती शिरली तर तुमच्या हाती ट्रायकोडर्माच येईल. आधी ज्वारी-हरभऱ्याचे काम उरका, खोली धुवा, मग हुमणीचे हाती घ्या.

उत्तरा नक्षत्रात पेरणी धरायची तर पहिली खेप ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात लागली पाहिजे. ज्या गटांकडे भांडे आहे त्यांनी पुढच्या बैठकीला येताना झाकणाची रबरी रिंग, झडप आणि गेल्या हंगामाची वही असेल तर ती सोबत आणावी. ज्यांनी कोटेशन घेतली आहेत त्यांनी पैसे भरण्याआधी ती इथे दाखवावीत.